कमरेचा पट्टा आतून बांधा
चौकटीला धरून, उभ्या उभ्या करायचा सोपा व्यायाम

मैत्रिणींनो, दसरा झाला की आपल्या परभणी जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. रानात कापसाची वेचणी आणि गटाच्या बैठकीत कमरेचं गाऱ्हाणं. सतरंजीवर बसताना एकजण "आई गं" म्हणते, दुसरी भिंत धरून खाली टेकते, तिसरी तर दारातच उभी राहते, "मी उभीच बरी, बसले की उठता येत नाही." मग अंतर्गत कर्जाचा विषय निघतो. कारण काय लिहायचं म्हणून सचिव विचारते, तर उत्तर येतं, "दवाखाना." रजिस्टर चाळून बघा, हा शब्द किती वेळा आलाय ते.

दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगते. तीन वर्षांमागं वेचलेल्या कापसाचं गाठोडं एकटीनं डोक्यावर घ्यायला गेले आणि अशी उसण भरली की दोन दिवस कूस बदलता आली नाही. एका दवाखान्यात कमरेत इंजेक्शन घेतलं, गोळ्या झाल्या, शेवटी मेडिकलमधून कमरेचा पट्टा आणला. या सगळ्यासाठी गटातून ८,००० रुपये उचलले. पट्टा बांधला की बरं वाटायचं, म्हणून सहा महिने तो काढलाच नाही. पुढं असं झालं की पट्ट्याशिवाय पाण्याची बादलीसुद्धा उचलायची भीती वाटायला लागली.

मग सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंनी मला समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "ताई, पट्टा काढा आणि एका पायावर उभ्या राहा बरं." मला हसू आलं. दिवसभर खुरपणारी बाई मी, एका पायावर उभं राहायला काय लागतं? पाय उचलला आणि तिसऱ्या अंकालाच टेबल धरलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या हातापायात ताकद हाय, पोटात नाही. हा बाहेरचा पट्टा सोडायचा असेल तर आतला बांधावा लागंल." तो आतला पट्टा कसा बांधायचा, ते या अंकात सांगते.

आधी हा आतला पट्टा म्हणजे काय ते बघू. ज्वारीचं पोतं डोळ्यासमोर आणा. गच्च भरून तोंड शिवलेलं पोतं उभं केलं तर ताठ उभं राहतं, त्याच्यावर दुसरं पोतं ठेवलं तरी वाकत नाही. अर्धवट भरलेलं पोतं मात्र मधेच दुमडतं. आपलं धड तसंच आहे. छाती आणि पोट यांच्या मधे श्वासाचा पडदा असतो, ते पोत्याचं तोंड. पोटाला बाजूंनी वेढणारा एक आतला स्नायू असतो, तो पोत्याचं कापड. मागं मणक्याला लागून छोटे छोटे स्नायू असतात. आणि खाली, लघवीची जागा, गर्भपिशवी आणि आतडं ज्याच्यावर पेललेलं असतं तो ओटीपोटाच्या तळाचा स्नायू, ते पोत्याचं बूड. हे चारही मिळून काम करतात तेव्हा ओझ्याचा भार सगळीकडं वाटला जातो. कापड सैल पडलं किंवा बूड उसवलं की सगळा भार एकट्या मणक्यावर येतो. शहरात जिमवाले यालाच कोअर म्हणतात. नाव इंग्रजी असलं तरी वस्तू आपलीच आहे.

बाळंतपणात पोटाचा आणि तळाचा स्नायू ताणला जातो. तो पुन्हा आवळला जायला वेळ आणि व्यायाम लागतो. आपल्याकडं सव्वा महिना झाला की बाई पुन्हा पाणी भरायला लागते, मग तो वेळ मिळणार कधी?

इथं सासूबाईंचा प्रश्न येणारच. माझ्या सासूबाईंनी विचारला होता, "दिवसभर रानात राबतेस, ते काय कमी हाय म्हणून आणखी येयाम?" प्रश्न अगदी खरा आहे. पण रानातलं काम म्हणजे एकाच दिशेचं काम. खुरपताना उकिडवं बसून पुढं झुकलेलं, वेचताना कमरेतून वाकलेलं, भाकरी थापताना पुन्हा वाकलेलं. पाठ तासन् तास ताणलेली राहते आणि पोट बिनकामाचं लोंबतं. काम खूप होतं, पण ज्या स्नायूनं पाठीला आधार द्यायचा तो झोपलेलाच. म्हणून कामानं थकवा येतो, आणि हा स्नायू जागा करायला वेगळं काहीतरी करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी सल्ला दिलाय, त्यात चालणं-फिरणं, कष्टाचं काम याबरोबरच आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा असं वेगळं सांगितलंय.

उभ्यानंच का? टीव्हीवर, मोबाइलवर पोटाचे व्यायाम दाखवतात ते बहुतेक जमिनीवर झोपून करायचे असतात. आपल्या घरात सून भरल्या घरात सतरंजी टाकून पाय वर करून झोपणार का? जागा नसते, आडोसा नसतो, साडी सावरायची पंचाईत. शिवाय घागर उचलतो ती उभ्यानं, गाठोडं डोक्यावर घेतो ते उभ्यानं. मग पोटाला शिकवायचं तेही उभ्यानंच शिकवलेलं बरं.

आणि हे आपल्याला अगदीच नवं नाही. पंचमीला फुगडी खेळताना आठवा. पाय जोडलेले, हात घट्ट, अंग मागं झोकलेलं आणि गरगर फिरणं. तेव्हा पोट कोणी आवळ म्हणून सांगावं लागतं का? आपोआप आवळलं जातं, नाही तर पडलोच. आपल्या आज्या-पणज्या हे खेळतच मोठ्या झाल्या. आता चाळिशीनंतर वर्षातून एकदा, तेही कोणी ओढून नेलं तर, आपण फेरात उतरतो. खाली दिलेला व्यायाम म्हणजे समजा, एकटीनं, न फिरता खेळलेली फुगडी.

तयारी काही नाही. घराची भिंत आणि दाराची चौकट बस्स. अनवाणी उभ्या राहा, फरशी ओली नको. साडी असेल तर निऱ्या जरा वर खोचून घ्या, म्हणजे गुडघा अडकणार नाही. पोटभर जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या. सकाळी उठल्या उठल्याही नको, पाठ तेव्हा आखडलेली असते. झाडलोट होऊन अंग मोकळं झालं की मग करा. मी चुलीवर चहाचं आधण ठेवते आणि ते उकळेपर्यंत करून घेते.

पहिले चार-पाच दिवस नुसतं भिंतीशी. पाठ भिंतीला लावून उभ्या राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढं, गुडघे किंचित सैल. कमरेच्या मागं जी पोकळी राहते तिथं एक हात घाला. आता नाकानं श्वास घ्या, पोट फुगू द्या. श्वास हळूहळू सोडत बेंबीच्या खालचा भाग आत ओढा, घट्ट परकराची नाडी बांधताना ओढतो तेवढाच. त्याच वेळी, लघवी आणि वारा अडवून धरतो तसं खालून वर आवळा. मागच्या हाताला जाणवेल की पोकळी थोडी कमी झाली, कंबर भिंतीकडं सरकली. आता हे धरून ठेवायचं, पण श्वास मात्र धरायचा नाही.

श्वास धरला का नाही ते कळायचं कसं? बोलून बघा. मी अंक मोजत नाही, गटातल्या बायांची नावं घेते. अध्यक्ष, सचिव, मग बाकीच्या, हजेरी घेतो तशी, मोठ्यानं आणि सावकाश. नाव घेताना आवाज दबला किंवा चेहरा लाल झाला तर समजा श्वास कोंडलाय, पोट जास्तच आवळलंय. जरा सैल करा. पाच नावं झाली की सोडा, दोन श्वास आरामात घ्या, पुन्हा धरा. असं पाच वेळा. एवढं नीट जमल्याशिवाय पुढं जाऊ नका. खरी मेख इथंच आहे, पुढचं त्यामानानं सोपं.

मग मुख्य व्यायाम. चौकटीच्या बाजूला उभ्या राहा, डाव्या हातानं चौकट धरा. दोन्ही पायांत खांद्यांएवढं नाही, त्याहून जरा कमी अंतर. पोट वर सांगितलं तसं हलकं आवळा. आता भार सगळा डाव्या पायावर घ्या आणि श्वास सोडत उजवा गुडघा समोर वर उचला. कमरेएवढा वर आला तर उत्तम, नाही आला तर वीतभर उचलला तरी चालतो. उचलताना अंग मागं झुकायला बघतं, झुकू देऊ नका. डाव्या बाजूचं कुल्लं बाहेर काढून लटकू नका, उभा पाय जमिनीत रोवलेल्या खांबासारखा ठेवा. दोन नावं घेईपर्यंत गुडघा वरच धरा आणि पाय सावकाश खाली आणा. धपकन सोडला तर अर्धा व्यायाम वाया गेला. उजव्या पायानं पाच वेळा, मग वळून दुसऱ्या हातानं चौकट धरून डाव्या पायानं पाच वेळा.

आठ-दहा दिवसांत हे सोपं वाटायला लागेल. मग त्यात एक भर घालायची. उजवा गुडघा वर उचलला की डावा तळहात त्या गुडघ्यावर ठेवा. आता तळहातानं गुडघा खाली दाबा आणि गुडघ्यानं तळहात वर ढकला. दोघांचं भांडण लावायचं, पण जिंकू कोणालाच द्यायचं नाही, म्हणजे काहीच हलणार नाही. पोटावर दुसरा हात ठेवून बघा, कसं लाकडासारखं कडक होतं ते. यासाठी चौकट सोडावी लागते, म्हणून पाठ भिंतीला लावून करा. पाच नावं घेईपर्यंत धरा आणि सोडा. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा. बस, झाला व्यायाम. सगळं मिळून पाच-सात मिनिटं.

मोबाइलवर याच व्यायामात कोपर गुडघ्याला लावायला सांगतात, अंग पिळून आणि पुढं वाकून. मला ते आपल्या बायांसाठी पटत नाही. आपण आधीच दिवसभर वाकलेल्या असतो. पाठ सरळ ठेवून तळहाताचा दाब दिला तरी पोटाला पुरेसं काम मिळतं. वय झालेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईनं तर ते पिळणं टाळावंच.

आता एक गोष्ट, जी बैठकीत कोणी बोलत नाही, पण चहा पिताना कानात सांगते. खोकलं, शिंकलं, ओझं उचललं की थेंब थेंब लघवी सुटते. "अंग बाहेर आल्यासारखं" वाटतं. हे म्हातारपण नाही आणि लाजेचंही नाही. पोत्याचं बूड सैल झालंय, एवढंच. वर सांगितलेलं खालून आवळणं हाच त्याच्यावरचा पहिला उपाय आहे. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा आणि मग खोका, हळूहळू सवय होते. फक्त लघवी करता करता मधेच अडवून सराव करू नका, त्यानं लघवी नीट मोकळी व्हायला त्रास होतो. धुराच्या चुलीनं जुना खोकला असेल किंवा कायमचा मलावरोध असेल तर त्याचाही इलाज करा, कारण दिवसभर खोकून आणि कुंथून सैल केलेलं पाच मिनिटांच्या व्यायामानं कसं आवळणार?

हे मी एवढं का सांगते त्याला कारण आहे. कंबर दुखते, ओटीपोट जड वाटतं म्हणून बाई दवाखान्यात जाते आणि कधी कधी "पिशवी काढून टाका" इथपर्यंत गोष्ट पोचते. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आपल्या गंगाखेड, सोनपेठ, पाथरी भागातूनही टोळ्या ऊसतोडीला जातातच. काही आजारांत पिशवी काढावी लागते हे खरं, व्यायाम त्याच्या जागी चालत नाही. पण नुसती कंबर दुखते एवढ्यावर कोणी ऑपरेशन सुचवलं, तर पैसे उचलण्याआधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना जरूर दाखवा. आणि ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे, त्यांनाही आतला पट्टा लागतोच. त्यांनी डॉक्टरांना विचारून हाच व्यायाम हळूहळू सुरू करावा.

कोणी करू नये तेही ऐका. बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील, किंवा सिझर, कुटुंब नियोजनाचं किंवा पोटाचं दुसरं कुठलं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गरोदर बाईनंही विचारूनच. अंग खरंच बाहेर येत असेल, पोटाला हर्निया असेल तर आधी तपासणी. करताना कमरेत कळ आली किंवा पायात वीज गेल्यासारखं झालं तर तिथंच थांबा. आणि पाय बधिर पडला, पायातली ताकद गेली, बसायची जागा सुन्न झाली, लघवी-संडासचा ताबा अचानक गेला, किंवा पडल्यानंतर कंबर दुखायला लागली, तर व्यायाम नको, मालीश नको, उसण काढणाराही नको. त्याच दिवशी मोठा सरकारी दवाखाना. गरज पडली तर १०८ ला फोन करा.

एका पायावर उभं राहताना चक्कर येते का? हे आपल्यात बऱ्याच जणींचं होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागं ५४ जणींचं रक्त कमी निघालं, म्हणजे निम्म्याहून जास्त. उपकेंद्रात रक्त तपासून घ्या, आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या घ्या आणि त्या डब्यात ठेवण्यापेक्षा पोटात घाला. तोपर्यंत पाय न उचलता नुसता भिंतीचा भाग करा.

व्यायाम पाच मिनिटांचा आणि काम दहा तासांचं, म्हणून कामातही तो वापरला पाहिजे. घागर उचलायची तर पाय फाकवून तिच्या अगदी जवळ जा, गुडघ्यात वाका, पोट आवळा, श्वास सोडत उचला. घागर अंगाला चिकटलेली राहू द्या, आणि वळायचं तर कंबर न पिळता पावलं टाकून वळा. गाठोडं डोक्यावर घ्यायला दोघी हव्यात, हे मी ८,००० रुपये मोजून शिकले. वेचताना कमरेची ओटी गच्च भरेपर्यंत थांबू नका, अर्धी झाली की रिकामी करा. एक ओळ संपली की ताठ उभ्या राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवून जरा मागं झुका, पाच वेळा. मुकादम बघतोय म्हणून लाजू नका. खुरपणीला जमेल तिथं सायकल कोळपं वापरा, ते उभ्यानं चालवता येतं. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी बायांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर काम चालतं, गटानं मिळून एखादं अवजार बघून यायला हरकत नाही.

किती दिवसांत गुण येतो? मला तिसऱ्या आठवड्यात पहिला फरक कळला तो तोलाचा. परकर घालताना भिंत धरायची गरज राहिली नाही. कमरेला आराम पडायला दोन महिने गेले. पट्टा आधी घरात सोडला, मग रानात, एकदम नाही. कंबर आता कधीच दुखत नाही असं मी म्हणणार नाही, सलग चार दिवस वेचणी झाली की दुखतेच. पण गोळीवाचून उतरते, आणि कमरेसाठी त्यानंतर कर्ज काढलेलं नाही. मधे लग्नसराईत महिनाभर व्यायाम सोडला तर पुन्हा पहिल्यासारखं आखडायला लागलं, म्हणून आता आठवड्यातून चार-पाच दिवस तरी करतेच.

आपल्या दशसूत्रीत सहावं सूत्र आरोग्याचं आहे. बैठकीत ते वाचून होतं आणि आपण पुढं सरकतो. आमच्या गटात आम्ही एक बदल केलाय, तुम्हीही करून बघा. बैठकीला आल्या आल्या कोणी सतरंजीवर बसायचं नाही. समाजमंदिराच्या भिंतीला पाठ लावून सगळ्यांनी उभं राहायचं, पोट आवळायचं आणि सचिवानं हजेरी घ्यायची, सावकाश. जिचं नाव येईल तिनं मोठ्यानं "हजर" म्हणायचं. जिचा आवाज दबतो तिला बाजूची लगेच टोकते, "ए, श्वास सोड की!" पहिल्या दिवशी हसण्यातच अर्धा तास गेला. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आत्याबाई, साठी उलटलेल्या, गुडघ्यांमुळं पाय उचलत नाहीत, नुसत्या भिंतीशी उभ्या राहतात. पण बैठकीला त्याच आता सगळ्यांच्या आधी येतात, कोपऱ्यातली जागा धरायला.